कुठल्या सालापासून मोजायचं?

माझा मामा आणि माझी मावसबहीण एकाच काउंटीत राहतात, एकाच हवेचे आकडे वाचतात आणि त्यावरून कडाकडा भांडतात. मामा मूळचा चेंबूरचा. १९७३ मध्ये शिकायला म्हणून पॅसाडीनाला गेला आणि पुढची सगळी नोकरी त्याने गाड्यांच्या धुराच्या चाचण्या घेण्यात काढली. आता निवृत्त होऊन ग्लेंडोराला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. ताई लाँग बीचच्या पश्चिम भागातल्या एका दवाखान्यात दमेकरी मुलांच्या श्वासाचं बघते. दोघांत पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे आणि दोन्ही गावं लॉस एंजेलिस काउंटीतच येतात. या एका काउंटीची वस्ती एक कोटीच्या आसपास आहे.

त्यांच्याकडे गेलो असताना हा वाद मी ऐकला, मधूनमधून तेल ओतलं, आणि जमेल तसा इथे उतरवला आहे. जिथे न्याय करायचा मोह आवरला नाही, तिथे तो केलाही आहे.

मामा: तुम्हा पोरांना धुरकं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मी आलो तो ऑगस्ट होता. घरमालकीण म्हणाली, मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. सतराशे मीटरचा माउंट विल्सन मागे उभा, आणि मला दिसतोय नुसता तपकिरी पडदा! पहिला पाऊस पडून गेला तेव्हा डोंगर दिसला. चेंबूरला आम्ही गॅस चेंबर म्हणायचोच, पण तिथे निदान वासावरून कळायचं की आज वारा खताच्या कारखान्याकडून येतोय की रिफायनरीकडून. इथे वास बेताचा, पण डोळे चुरचुरायचे, आणि जरा पळालं की खोल श्वास घेताना छातीत खुपायचं. इशारा लागला की शाळेत मुलांचं खेळणं बंद. १९७७ साली या खोऱ्यात पहिल्या पातळीचे इशारे १२१ लागले होते. १९९९ मध्ये एकही नाही. आता बोल.

ताई: १९९९ ला पंचवीस वर्षं उलटून गेली, मामा. त्यापुढचं सांग.

मामा: सांगतो की. पण आधी मागचं ऐक. तुला सुरुवात माहीत नसेल तर शेवट काय कळणार?

इथे मी मामाच्या बाजूने होतो, कारण सुरुवात खरोखरच रंगतदार आहे. १९४३ च्या जुलैत, ऐन युद्धात, लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत एक दिवस इतका दाट धूर उतरला की जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी आवई उठली. मग बोट दाखवलं गेलं ते अलिसो स्ट्रीटवरच्या कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्याकडे. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरकं जागेवरच. १९४७ मध्ये काउंटीने हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारं स्वतःचं खातं काढलं. अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीचं ते पहिलं. खात्याने रिफायनऱ्यांचं गंधक आवरलं, गिरण्या-भट्ट्यांच्या धुराड्यांवर निर्बंध घातले, आणि डोळे चुरचुरायचे ते चुरचुरतच राहिले. कारण शत्रू कोण हेच माहीत नव्हतं.

मामा: आणि तो शोधला कोणी? अननसाचा स्वाद कशाने येतो ते शोधणाऱ्या माणसाने. आरी हागेन-स्मिट, कॅलटेकमधला डच रसायनशास्त्रज्ञ. गाड्यांतून आणि रिफायनऱ्यांतून निसटलेली हायड्रोकार्बनं, नायट्रोजनची ऑक्साइडं, आणि वर कॅलिफोर्नियाचं ऊन. या तिघांतून ओझोन तयार होतो हे त्याने १९५० च्या सुमारास दाखवलं. म्हणजे धुराड्यातून जे निघतं ते नव्हे, तर निघाल्यावर हवेत जे शिजतं ते धुरकं. आणि मोजायचा कसा? रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला चिरा पडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. ओझोन जास्त तितक्या चिरा लवकर. इथे टायर लवकर का तडकतात याचंही उत्तर त्यातच होतं. तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधकांनी त्याला खोटं ठरवायचा प्रयत्न केला, तर हा गडी चिडून पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष तोच झाला. १९५५ मध्ये इथे ओझोन अब्जात ६८० भागांपर्यंत गेला होता. त्याच्या पाव भागावर आता आरडाओरडा होतो. गाड्यांना धूर साफ करणारं कन्व्हर्टर आलं, पेट्रोलमधलं शिसं गेलं, १९८४ पासून गाडीची धूर-तपासणी सक्तीची झाली. गाड्या किती पटींनी वाढल्या आणि ओझोनच्या आलेखाची रेघ खाली आली. माणसाने ठरवून केलेल्या कामांत याच्या तोडीचं काम मला दाखव.

ताई: नाही दाखवत. कबूल. तू केलंस ते मोठंच आहे. पण तुझी रेघ सुरू होते १९५५ ला. पंचावन्नपासून मोजलं तर आजची कुठलीही हवा चांगलीच दिसणार. माझ्याकडे येणारी मुलं २०१५-१६ नंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या जन्मापासून रेघ काढ. २०१८ च्या उन्हाळ्यात या खोऱ्यात सलग ८७ दिवस ओझोन मर्यादेच्या वर होता. २०२० मध्ये १५७ दिवस. खाली येणारी रेघ कुठंय यात?

मामा: मर्यादा बदलली ना! माझ्या उमेदीत तासाला अब्जात १२० भाग चालायचे. सत्याण्णवला आठ तासांची सरासरी आली, ८० ची. मग २००८ ला ७५, २०१५ ला ७०. उंच उडीची काठी दरवेळी वर सरकवायची आणि मग म्हणायचं, पोरगा पूर्वीसारखा उडत नाही.

ताई: काठी कोणी गंमत म्हणून नाही सरकवली. ऐंशीवरही मुलं आजारी पडतात हे दिसलं म्हणून सरकवली. आणि तुझं समाधान करायचं तर जुनी सगळी वर्षंसुद्धा आजच्या सत्तरच्याच मापाने मोजून बघ. तो हिशोब झालेला आहे. २०१० च्या आसपासपर्यंत दिवस झपाझप कमी होतात आणि मग अडकतात. पुढच्या दशकात उलट थोडे चढतात.

मामा यावर गप्प बसला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो उठून कॉफी करायला गेला आणि तिथूनच बोलत राहिला. मला वाटतं या टप्प्यावर दोघंही खरं बोलत होती, आणि पुढचं त्याने जे सांगितलं ते ताईच्या बाजूला जातं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मामा: अडकण्याचं कारण रसायन आहे, बाई. नायट्रिक ऑक्साइड ओझोन बनवायला हातभार लावतं आणि जिथे ते दाट असतं तिथे ओझोनला खाऊनही टाकतं. म्हणून इथे वर्षानुवर्षं शनिवारी-रविवारी ट्रक कमी आणि ओझोन जास्त, असा उफराटा प्रकार मोजला गेलाय. नायट्रोजनचा धूर अर्धवट कमी केलास की मधल्या काळात ओझोन वाढतोसुद्धा. पुरेसा कमी केलास की मग मात्र कोसळतो. आपण आत्ता त्या मधल्या काळात आहोत. शिवाय उष्णता. ६ सप्टेंबर २०२० ला काउंटीतल्या वुडलंड हिल्सला ४९.४ अंश सेल्सिअस तापमान होतं, काउंटीच्या नोंदीतलं सगळ्यात जास्त. त्याच दिवशी मध्यवस्तीत ओझोन १८५ भागांवर गेला. त्याला आमचे कन्व्हर्टर काय करणार?

ताई: तेच म्हणतेय ना मी. त्या वर्षी वसंतात करोनामुळे फ्रीवे ओस पडले होते. सगळ्यांनी निळ्या आभाळाचे फोटो टाकले. आणि तेच वर्ष १५७ दिवसांचं निघालं. निळं आभाळ बऱ्यापैकी पावसाचंही होतं, ते कोणी सांगितलं नाही. म्हणजे गाड्यांचा धूर आवरण्याची जी युक्ती तुम्हाला सापडली, ती आता एकटी पुरत नाही. रंग, सेंट, केस फवारायचे डबे, फरशी पुसायची औषधं, यांतून निघणारी रसायनं आता शहरातल्या तेलापासून बनलेल्या वाफांपैकी निम्म्याच्या आसपास आहेत, असा अभ्यास २०१८ मध्ये आला. ती मोजणी लॉस एंजेलिसच्याच हवेवर बेतलेली होती.

मामा: सेंटवर बंदी घालणार आता?

ताई: तुझ्या आफ्टरशेव्हपासून सुरुवात करू.

एक गोष्ट मी मधेच विचारली: १५७ दिवस हे काउंटीचे की आणखी कशाचे? त्यावर दोघंही एकदम बोलायला लागली, म्हणजे प्रश्न बरोबर जागी लागला असावा. हे दिवस चार काउंट्यांच्या एकत्रित खोऱ्याचे आहेत. लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो. १९७७ पासून या खोऱ्याच्या हवेचा कारभार एकाच जिल्हा-संस्थेकडे आहे, लोक तिला एक्यूएमडी म्हणतात. कारण साधं आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि किनाऱ्यावरचा सगळा माल पूर्वेकडे ढकलतो. वर उष्ण हवेचं झाकण असतं, मागे डोंगर असतो, वाटेत ऊन असतं. सॅन पेद्रोच्या उपसागराला स्पॅनिश दर्यावर्दी काब्रिओने १५४२ मध्येच धुरांचा उपसागर म्हटलं होतं, तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेकोट्यांचा धूर वर न जाता पसरून राहिलेला बघून. त्यामुळे लाँग बीचजवळ ओझोन कमी दिसतो, ग्लेंडोराला जास्त, आणि सगळ्यात वाईट दिवस पार सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात, क्रेस्टलाइनसारख्या गावी निघतात. काउंटीची सीमा नकाशावर असते. एका काउंटीची रेघ खाली जाण्यात तिचा धूर दुसऱ्या काउंटीत जाऊन शिजणं हाही एक भाग असतो. एवढं धरूनच रेघेकडे बघावं.

आणि याच कारणाने मामा-भाचीच्या भांडणाला मजा आहे. ओझोनच्या हिशोबाने वाईट हवा मामाच्या ग्लेंडोराला आहे, ताईच्या लाँग बीचला नाही. तरी तक्रार ताईची आहे. तिचा शत्रू वेगळा आहे.

ताई: माझ्या दवाखान्यापासून सातशेदहा नंबरचा फ्रीवे दिसतो. बंदरातून निघालेले कंटेनर रांगेने त्यावरून वर जातात. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही जुळी बंदरं, देशात समुद्रमार्गे येणाऱ्या कंटेनरांचा मोठा वाटा इथेच उतरतो. २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी यूसीएलएच्या लोकांनी या रस्त्याशेजारी उभं राहून अतिसूक्ष्म कण मोजले. चारातलं एक वाहन डिझेलचा मोठा ट्रक होता. रस्त्याच्या कडेला कणांचा डोंगर, आणि तीनशे मीटरवर गेलं की बाकी शहरासारखंच. आता मला सांग, मोजायचं यंत्र तीनशे मीटरच्या आत ठेवायचं की बाहेर? त्यावर रेघ ठरते.

मामा: रस्त्याला लागून मोजणी आता आहे की. २०१० च्या नियमानंतर सातशेदहाच्या कडेलाही यंत्र बसलं.

ताई: पन्नास वर्षांच्या रेघेत शेवटच्या दहा वर्षांपुरतं! आणि पहाटे ते तीनशे मीटरचं गणितही चालत नाही. सूर्य उगवायच्या आधी वारा पडलेला असतो, तेव्हा फ्रीवेचा धूर दोन-दोन किलोमीटर पसरतो, हे सांता मोनिकात मोजलंय. आमच्या भागातल्या आया पहाटे उठून गोदामाच्या पाळीला जातात. खिडकी उघडी ठेवली की सकाळी कठड्यावर काळी पूड. बोटाने रेघ ओढ, दिसते. शाळांसाठी कायदा झाला २००३ मध्ये, फ्रीवेच्या पाचशे फुटांत नवी शाळा नको. जुन्या शाळा आहेत तिथेच आहेत.

मामा: अगं, पण ट्रकांचंही झालं ना काम. २००६ ची बंदरांची योजना, २००८ पासून जुने ट्रक बंदरात बंद. २००५ च्या मानाने बंदरातली डिझेलची काजळी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाली. खोऱ्यातल्या विषारी हवेपासूनचा कॅन्सरचा धोका २०१२-१३ च्या मोजणीपासून २०१८-१९ च्या मोजणीपर्यंत निम्म्याच्याही खाली आला. हे तुमच्याच भागाला सगळ्यात जास्त फायद्याचं झालं.

ताई: झालं. आणि उरलेला निम्मा कुठे सगळ्यात दाट आहे? परत बंदरं आणि फ्रीवे. सरासरी निम्मी झाली, क्रम तोच राहिला.

मामाचा आवाज इथे खाली आला. क्रम बदलला नाही, हे त्याला मान्य होतं. चेंबूर सोडून पन्नासवर वर्षं झाली तरी रिफायनरीच्या कुशीत राहणं म्हणजे काय हे तो विसरलेला नाही. लॉस एंजेलिसच्या विल्मिंग्टन भागातून जाताना तो अजूनही गाडीची काच खाली करतो, वास घेऊन बघायला.

मग ताईने तिच्या कामाच्या टेबलावरची गोष्ट सांगितली. मूल खुर्चीत बसतं, नाकाला चिमटा, तोंडात नळी. छातीभर श्वास आत, आणि मग जोर लावून एका दमात बाहेर. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तोच आकडा महत्त्वाचा. नंतर मूल कितीही वेळ फुंकत बसलं तरी पहिला सेकंद भरून निघत नाही. वय, उंची, मुलगा की मुलगी, यांवरून अपेक्षित आकडा ठरलेला असतो. त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं की फुप्फुसं वाढीत मागे राहिली असं धरतात. मुलं तीन-तीनदा फुंकून लालबुंद होतात आणि मग पडद्याकडे बघत विचारतात, पास झालो का?

दक्षिण कॅलिफोर्नियात हेच फुंकणं वर्षानुवर्षं मोजलं गेलं आहे. १९९० च्या दशकापासून तिथल्या विद्यापीठाने हजारो शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ नोंदवली. २०१५ मध्ये वेगवेगळ्या काळांतल्या तीन गटांची तुलना प्रसिद्ध झाली. पंधराव्या वर्षी ज्यांची फुप्फुसं अशी मागे राहिली, अशी मुलं पहिल्या गटात ७.९ टक्के होती, दुसऱ्यात ६.३, आणि २००७ ते २०११ च्या गटात ३.६. हवेतले सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड जसे उतरले, तशी फुप्फुसं वाढली. ज्या पाच गावांची ही मुलं, त्यांत लाँग बीच होतं आणि मामाच्या शेजारचं सॅन डिमसही.

मामा: बघ! तुझ्याच लाँग बीचची पोरं. आम्ही प्रयोगशाळेत १३७२ सेकंद गाडी रुळांवर पळवायचो आणि धूर पिशव्यांत भरून मोजायचो, त्याचा शेवट या मुलांच्या छातीत झाला. याहून काय पुरावा हवा?

ताई: हा माझाही पुरावा आहे. यातून एवढंच सिद्ध होतं की हवा अजून उतरली तर फुप्फुसं अजून वाढतील. ३.६ वर येऊन तुम्ही हात झटकले.

१३७२ सेकंदांचा खुलासा करतो, कारण मामा ती संख्या झोपेतही सांगेल. गाडीच्या धुराची अमेरिकेतली सरकारी चाचणी ज्या वेगांच्या आलेखावर बेतली होती, तो आलेख लॉस एंजेलिसमधल्या एका खऱ्याखुऱ्या रस्त्यावरून घेतला होता. सकाळी कामाला जाणारा माणूस जसा थांबत-पळत बारा किलोमीटर जातो, तसा. गाडीची चाकं रुळांवर, चालकासमोर पडद्यावर वेगाची रेघ, आणि ती रेघ न सोडता पायाने पाळायची. एका शहराच्या गर्दीचा नमुना जगभर कित्येक देशांनी मापदंड म्हणून घेतला. चाचणीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी वागू शकते, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी सगळ्या जगाला दाखवलं. ती लबाडी उघडी पडायला ज्या मोजण्या कारणी लागल्या, त्यांत याच काउंटीतल्या एल मॉन्टेमधल्या सरकारी प्रयोगशाळेचा वाटा होता आणि त्या प्रयोगशाळेला नाव हागेन-स्मिटचं होतं. मामाला याचा अभिमान आहे. ताईला यात वेगळंच दिसतं: पिशवीतला धूर आणि फ्रीवेवरचा धूर यांत चाळीसपट फरक असू शकतो, तर तुमची रेघ कुठल्या धुराची?

त्यानंतर आगींचा विषय निघाला. निघणारच होता. ७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या आणि सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या.

ताई: आल्टाडेनाची घरं जळाली तेव्हा नुसतं लाकूड नव्हतं जळत, मामा. रंग, गाद्या, बॅटऱ्या, गाड्या, जुन्या घरांच्या रंगातलं शिसं. आणि फोनवर हवेचा निर्देशांक हिरवा दिसत होता काही दिवसांनी. त्या निर्देशांकात राख नाही, शिसं नाही. आणि वार्षिक हिशोबात तर वणव्याचा धूर अपवादात्मक घटना म्हणून अर्ज करून वगळता येतो. श्वास घेतला तो घेतलाच, पण रेघेत नाही.

मामा: ते वगळणं मला रास्त वाटतं. रंगाच्या कारखान्याने नियम पाळले, आणि डोंगर पेटला म्हणून त्याच्यावर नवी बंधनं? नियम मोडला कोणी हे ठरवायचं असेल तर वेगळं काढावंच लागेल.

ताई: नियमासाठी काढा. पण मग तीच रेघ लोकांना दाखवून हवा सुधारली म्हणू नका. दोन रेघा काढा.

माझं मत विचाराल तर या एका मुद्द्यावर ताई बिनतोड आहे. मामाची रेघ सरकारने काय साधलं ते सांगते. कोणाच्या छातीत काय गेलं ते ती सांगत नाही, आणि ते सांगण्यासाठी ती काढलेलीही नाही. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर वापरलं की घोळ होतो. या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत पीएम २.५ म्हणजे सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे वीस मायक्रोग्रॅमच्या वर होती, नंतर ती जवळपास निम्मी झाली. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे. पुण्या-मुंबईहून गेलेल्याला तिथली हवा तीर्थासारखी वाटते. अमेरिकेने ती मर्यादा २०२४ मध्ये १२ वरून ९ वर आणली. जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. आपण कुठे उभे राहून बघतो त्यावर कौतुक किंवा संताप ठरतो.

पण ताई बिनतोड असली म्हणून मामा हरला असं नाही. खरी चकमक झाली ती पाणी तापवायच्या बंबावरून.

ताई: तुझ्या गोष्टीतलं एक राहिलं. मागच्या अंगणातल्या भट्ट्या. घरोघरी कचरा जाळायची भट्टी होती इथे, लाखांनी. १९५७ मध्ये काउंटीने त्या बंद केल्या. तेव्हा लोक काय म्हणाले असतील? कारखाने सोडून आमच्या अंगणात काय शिरता? तू ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगतोस. आणि २०२५ मध्ये एक्यूएमडीपुढे गॅसच्या बंबांचा आणि घर तापवायच्या भट्ट्यांचा नायट्रोजनचा धूर कमी करायचा नियम आला, तेव्हा तू विरोधात पत्र लिहिलंस.

मामा: लिहिलं. परत लिहीन. भट्टी बंद केली तेव्हा कचऱ्याची गाडी दारात येत होती. इथे दारात काय येतंय? विजेवरचा बंब बसवायचा तर पॅनेल बदला, तारा बदला. हजारो डॉलर. माझं ठीक आहे. तुझ्या दवाखान्यातल्या आया भाड्याने राहतात, घरमालक तो खर्च कोणाच्या भाड्यात टाकणार?

ताई: म्हणून तर नियमात सक्ती नव्हती. कंपन्यांनी विकायच्या मालातला वाटा हळूहळू बदलायचा होता.

मामा: आणि नाही बदलला तर फी. ती फी कोण भरणार? शेवटी गिऱ्हाईकच.

नियम ७ विरुद्ध ५ मतांनी पडला. मामाने सांगितलेली भाड्याची अडचण खरी आहे, ताईला ती मान्य करावी लागली, आणि तिने ती रागारागाने मान्य केली. पण मी एक जुनी आठवण काढून दिली. भट्ट्या गेल्यावर लोकांना डबे वेगळे आणि बाकी कचरा वेगळा ठेवावा लागे. १९६१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सॅम यॉर्टीने गृहिणींना वचन दिलं, हे वेगवेगळं करणं मी बंद करतो. आणि तो निवडून आला. मामा हसला. त्याला राजकारणाचे असले दाखले आवडतात, ते त्याच्या विरोधात जात असले तरी.

हसू टिकलं नाही. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनने कॅलिफोर्नियाची स्वतःचे गाड्यांचे नियम करायची परवानगी तीन ठिकाणी काढून घेतली. त्यांत मोठ्या ट्रकांच्या नायट्रोजनच्या धुराचा नियमही होता. राज्य कोर्टात गेलं. ही परवानगी १९६७ पासूनची, इथल्या धुरक्यामुळेच मिळालेली. मामाच्या सगळ्या नोकरीचा पाया म्हटलं तरी चालेल.

मामा: याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. नायट्रोजन पुरेसा कमी केला की ओझोन कोसळतो, असं मी तुला मघाशी म्हणालो. तो पुरेसा कमी करायचं हत्यारच हे होतं.

ताई: मग ये ना सुनावणीला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी नऊला बसते बैठक, डायमंड बारला. तुझ्यापासून जवळ आहे. माझ्याकडच्या आया त्या वेळी गोदामात असतात, त्यांना जमत नाही.

मामा: येतो. पण ट्रकांवर बोलीन, बंबावर नाही. किती वेळ देतात?

ताई: तीन मिनिटं.

मामा: तीन मिनिटांत काय सांगणार? १९४३ पासून सांगायला लागेल.

ताई: मामा, तू २०१० पासून सुरू कर.

मामा: पंचाहत्तर. कन्व्हर्टरपासून. त्याच्या मागे मी जात नाही, पण त्याच्या पुढेही येत नाही.